डिलीट केलेलं खरंच जातं का? क्लीनअप सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेमागे काय असतं

बहिणीने नवा लॅपटॉप घेतला आणि सात वर्षं वापरलेला जुना ओळखीच्या एका विद्यार्थ्याला द्यायचं ठरवलं. देण्याआधी तिने स्वतःचे सगळे फोल्डर डिलीट केले, रीसायकल बिन रिकामा केला आणि वर एक मोफत क्लीनअप सॉफ्टवेअरही चालवलं. पडद्यावर मोठी हिरवी खूण आली. खाली लिहिलं होतं, '११ जीबी जागा मोकळी झाली. तुमची प्रायव्हसी सुरक्षित आहे.'

"दादा, आता यात माझं काही राहिलं नाही ना?" तिने विचारलं.

डिलीट झालेल्या फाइल्स परत मिळवून देणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पेन ड्राइव्हवरून सुरू केला. पाऊण तासाने यादी तयार झाली. त्यात तिच्या पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत होती, सहीसकट, अगदी स्वच्छ. आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट होते. मागची नोकरी सोडताना लिहिलेलं राजीनाम्याचं पत्र होतं, तेही तिन्ही मसुद्यांसह. ती बराच वेळ त्या यादीकडे नुसती बघत राहिली.

तिचं काही चुकलं नव्हतं. सॉफ्टवेअरने सांगितलं ते तिने केलं. 'साफ करणे' या एका शब्दात दोन वेगळी कामं कोंबलेली आहेत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अशी अनेक जुनी मशीन्स आता या हातातून त्या हातात जातील. म्हणून ही दोन कामं सुटी करून बघू.

कचरा साचतो कुठून?

कॉम्प्युटरवरचा बराचसा 'कचरा' त्याने तुमच्या सोयीसाठीच जमवलेला असतो. एखादं संकेतस्थळ उघडलं की ब्राउझर तिथली चित्रं स्वतःजवळ साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ती पुन्हा इंटरनेटवरून आणावी लागत नाहीत. या साठ्याला कॅशे म्हणतात. रोज लागणारी पुस्तकं आपण कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवतो, तसंच हे. टेबल आवरलं तर मोकळं दिसतं, पण उद्या पुस्तकं पुन्हा तिथेच येणार. कॅशे रिकामा करून मिळालेली जागा काही दिवसांत भरते ती यामुळेच. त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नाही.

खरोखरची अडगळ वेगळी. प्रोग्रॅम अर्धवट बंद पडल्यावर मागे राहिलेल्या तात्पुरत्या फाइल्स, अपडेट झाल्यावर उरलेलं सामान, नवी आवृत्ती टाकल्यावर बाजूला ठेवलेली जुनी विंडोज. ही शेवटची गोष्ट सहज दहा-वीस जीबी अडवून बसते. अर्थात ती साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकली जाते, कारण ती फक्त माघारी फिरायची वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली असते.

जाता जाता एका नेहमीच्या शंकेबद्दल. नवी ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच दिसते, तेव्हा उरलेली जागा कचऱ्याने खाल्लेली नसते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. कुठलंही सॉफ्टवेअर ती जागा 'परत' मिळवून देऊ शकत नाही.

दोन कामं, एकच बटण

जागा मोकळी करणं हा आकाराचा प्रश्न आहे. खाजगीपणा जपणं हा आशयाचा. आणि या दोन्हींचा एकमेकांशी जवळजवळ काहीच संबंध नसतो.

वीस जीबीचा व्हिडिओ डिस्क भरून टाकतो, पण त्यात तुमच्याबद्दल काही नसेलही. उलट कुकी बघा. संकेतस्थळाने तुम्हाला पुढच्या वेळी ओळखावं म्हणून तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवलेली ही चिठ्ठी, जेमतेम चार केबीपर्यंतची. पण तुम्ही ईमेलमध्ये लॉग-इन केलेलं आहे हे त्या चिठ्ठीवरूनच ठरतं. ती दुसऱ्याच्या हाती लागली, तर पासवर्ड माहीत नसतानाही तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. 'किती जीबी मोकळे झाले' हा आकडा खाजगीपणाबद्दल काहीही सांगत नाही, तरी तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवला जातो.

इथे कोणी म्हणेल, माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? हा प्रश्न प्रामाणिक असतो. पण तुमच्या कॉम्प्युटरवर फक्त तुम्हीच नसता. बहिणीच्या डिस्कवर आईचे रिपोर्ट होते. कोणाच्या डिस्कवर शेजाऱ्यांच्या मुलाच्या प्रवेशअर्जाची कागदपत्रं असतात, कोणाच्या डिस्कवर मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेलं पत्र. त्यांनी ते तुमच्याकडे दिलं होतं, पुढच्या मालकाकडे नाही.

डिलीट केल्यावर फाइलचं काय होतं?

डिस्क म्हणजे एक जाडजूड वही समजा. पहिल्या काही पानांवर अनुक्रमणिका, पुढे मजकूर. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा कॉम्प्युटर मजकुराच्या पानाला हातही लावत नाही. तो फक्त अनुक्रमणिकेतल्या ओळीवर खूण करतो, की हे पान आता मोकळं आहे, लागेल तेव्हा वापरा. जोवर त्या पानावर नवीन काही लिहिलं जात नाही, तोवर जुना मजकूर जागच्या जागी असतो.

पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट नावाची, बरीच जुनी मांडणी असते. तिच्यात हे अगदी नागडेपणाने दिसतं. फाइल डिलीट केली की तिच्या छोट्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदललं जातं, त्याच्या जागी एक ठरलेलं चिन्ह येतं. नावाची बाकीची अक्षरं, फाइलचा आकार, तारीख सगळं शाबूत. विंडोजच्या आधीपासूनची मायक्रोसॉफ्टची कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली म्हणजे डॉस. १९९१ मध्ये आलेल्या तिच्या पाचव्या आवृत्तीत 'अनडिलीट' नावाचा प्रोग्रॅम होता. फाइल परत आणताना तो वापरणाऱ्यालाच विचारायचा, नावाचं पहिलं अक्षर काय होतं? तेवढं सांगितलं की फाइल परत हजर. डिलीट म्हणजे काय हे मला कळलं, ते या एका प्रश्नामुळे.

विंडोजची आजची मांडणी बरीच प्रगत आहे, पण तत्त्व तेच. आणि सीक्लीनर हे प्रसिद्ध क्लीनअप सॉफ्टवेअर ज्या पिरिफॉर्म कंपनीने बनवलं, तिनेच डिलीट झालेल्या फाइल्स परत आणणारं रिकुवाही बनवलं. म्हणजे एकच कंपनी झाडूही देते आणि केराच्या टोपलीतून वस्तू शोधून देणारा माणूसही. त्यात गैर काही नाही, दोन्हींची गरज असते. पण साधं झाडणं म्हणजे नष्ट करणं नव्हे, हे यावरून लक्षात यावं.

सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांपैकी अनेकांवर वैद्यकीय माहिती, प्रेमपत्रं आणि हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. त्यातल्या पुष्कळ डिस्क देणाऱ्यांनी 'रिकाम्या' करूनच दिल्या होत्या.

मग पस्तीस वेळा पुसायचं का?

अनेक क्लीनअप सॉफ्टवेअरमध्ये 'सिक्युअर डिलीट' असतं. ते पानावर खूण करून थांबत नाही, त्यावर निरर्थक अक्षरं गिरवतं. त्यातच कुठेतरी '३५ वेळा' असा पर्याय दिसतो आणि माणूस घाबरून तोच निवडतो. हा आकडा कॉम्प्युटर सुरक्षेचे अभ्यासक पीटर गटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधातून आला. तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी वेगवेगळे नमुने एकत्र धरून ती संख्या झाली होती. एकाच डिस्कला ते सगळे नमुने कधीच लागत नव्हते, आणि हे गटमन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं. आजच्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला एकदा नीट गिरवणं पुरतं. पस्तीस वेळा गिरवण्यात रात्र जाते, हाती जास्त काही लागत नाही.

एसएसडी आली आणि गणित बदललं

तुमचा लॅपटॉप अलीकडचा असेल, तर त्यात फिरती चकती नसून एसएसडी असेल, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क. इथे वहीची उपमा अपुरी पडते.

एक वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. त्याचा व्यवस्थापक सगळ्या खोल्या सारख्या वापरल्या जाव्यात यासाठी धडपडतो, कारण प्रत्येक खोली ठरावीक वेळाच वापरता येते. तुम्ही त्याला सांगता, बारा नंबरच्या खोलीतलं सामान काढून तिथे नवीन ठेव. तो "हो" म्हणतो, नवीन सामान सत्तेचाळीसमध्ये ठेवतो आणि त्या दारावर १२ ची पाटी लावतो. जुन्या खोलीतलं सामान तो सवड मिळेल तेव्हा काढणार. तुमच्या दृष्टीने बारा नंबरमधलं सगळं बदललेलं असतं. प्रत्यक्षात जुनं सामान आहे तिथेच.

एसएसडीवर एखादी फाइल गिरवायला गेलं की हेच होतं. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासलं. एकेक फाइल गिरवून पुसण्याच्या नावाजलेल्या पद्धती वापरल्यावरही फाइलमधला ४ ते ७५ टक्के मजकूर चिपांमध्ये शिल्लक सापडला. वर, प्रत्येक गिरवण्याने डिस्कचं आयुष्यही थोडं झिजतं.

दिलासा देणारी बाजूही आहे. विंडोज ७ पासून कॉम्प्युटर एसएसडीला स्वतःहून कळवतो की या खोल्या आता लागणार नाहीत, रिकाम्या करून टाक. या सूचनेला ट्रिम म्हणतात. ती पोचली की डिलीट केलेली फाइल घरगुती प्रोग्रॅमला सहसा परत मिळत नाही. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क होती म्हणून सगळं सापडलं. एसएसडी असती तर यादी बहुतेक रिकामी आली असती. पण 'सहसा' आणि 'बहुतेक' यांवर पासपोर्टची प्रत सोडायची नसेल, तर उपाय वेगळा आहे. त्याकडे शेवटी येतो.

न दिसणाऱ्या खुणा

फोटो डिलीट केला तरी त्याची नखाएवढी प्रतिमा मागे राहू शकते. फोल्डर उघडल्यावर छोटी चित्रं पटकन दिसावीत म्हणून विंडोज ती वेगळी साठवते, आणि मूळ फोटो गेल्यावरही ती तिथे राहतात. चेहरा ओळखू यावा इतकी ती स्पष्ट असतात. 'अलीकडे उघडलेल्या फाइल्स'च्या यादीत फाइलचं नाव उरतं, आणि कधी कधी नावच पुरेसं बोलकं असतं. अशा खुणा पुसण्यात चांगलं क्लीनअप सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडतं. एकाच कॉम्प्युटरवर अनेक जण बसत असतील, तर त्याचं मोल मोठं आहे.

मात्र इंटरनेटवरच्या तुमच्या खुणा बहुतांशी तुमच्या डिस्कवर नसतातच. त्या संकेतस्थळांच्या आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या यंत्रांवर असतात, आणि तिथे तुमचा झाडू पोचत नाही. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकीही फक्त तुमच्या मशीनवर नोंद ठेवत नाही, बाहेरच्यांपासून लपवत नाही. कुकी सगळ्या पुसल्या तरी ओळख पटू शकते ती आणखी एका मार्गाने: पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की तुमच्या ब्राउझरचा जणू बोटाचा ठसा तयार होतो. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये जवळपास ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. ट्रॅकिंग रोखणारा ब्राउझर किंवा त्यातली सेटिंग्ज हा त्यावरचा इलाज आहे, डिस्क साफ करणं हा नव्हे.

'पण रजिस्ट्री साफ केल्यावर माझं मशीन पळायला लागलं!'

रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपापल्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतात ती नोंदवही. तिच्यात लाखो नोंदी असतात. जुन्या प्रोग्रॅमच्या पाचशे नोंदी काढल्या तर वाचलेली जागा एका फोटोइतकीही भरत नाही, आणि वेगात फरक पडत नाही. मशीन पळायला लागल्यासारखं वाटतं ते बऱ्याचदा त्याच वेळी रीस्टार्ट केल्यामुळे. चुकीची एक नोंद उडाली तर मात्र प्रोग्रॅम किंवा अख्खी विंडोज आडवी होऊ शकते. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही, अशी मायक्रोसॉफ्टची जाहीर भूमिका आहे.

तरी लाल अक्षरातला 'इतक्या हजार त्रुटी सापडल्या' हा धाक चालतो, कारण तो भीतीवर चालतो. अमेरिकेत ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आरोप ठेवला होता. ग्राहकाचा कॉम्प्युटर 'तपासण्या'आधी चार प्रश्न विचारले जात: मशीन हळू चालतं का, वारंवार बंद पडतं का, असे. ग्राहकाने एकालाही हो म्हटलं, की तपासणीत काहीही निघो, व्हायरसची लक्षणं आढळल्याचा निकाल ठरलेला. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मायक्रोसॉफ्टनेही १ मार्च २०१८ पासून असे घाबरवून पैसे काढणारे क्लीनर नको असलेले प्रोग्रॅम म्हणून काढून टाकायला सुरुवात केली.

झाडू कोणाच्या हातात देताय?

क्लीनअप सॉफ्टवेअरला तुमच्या डिस्कचा कानाकोपरा उघडा असतो, त्याशिवाय ते काम करूच शकत नाही. म्हणून त्याच्यावरचा विश्वास हा प्रश्न टाळता येत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये हल्लेखोरांनी सीक्लीनर बनवणाऱ्यांच्याच यंत्रणेत शिरून ५.३३ या आवृत्तीत घातक कोड घुसवला. त्यावर कंपनीची खरी डिजिटल सही होती, ती कंपनीच्याच अधिकृत जागेवरून डाउनलोड होत होती. जवळपास महिनाभर कोणाला पत्ता लागला नाही, आणि सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर ती पोचली. डाउनलोड करणाऱ्यांनी सगळी काळजी घेतली होती. कंपनीही इथे बळीच ठरली.

दुसरं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. सीक्लीनरची कंपनी २०१७ मध्येच विकत घेणाऱ्या अवास्टवर फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की ट्रॅकिंगपासून वाचवतो असं सांगून तिने स्वतःच्या अँटिव्हायरस आणि ब्राउझर एक्स्टेन्शनमधून लोकांनी कुठली संकेतस्थळं पाहिली याची माहिती गोळा केली आणि आपल्या उपकंपनीमार्फत विकली. २०२४ मध्ये अवास्टने १ कोटी ६५ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार. खाजगीपणा जपायला आणलेल्या सॉफ्टवेअरने आपल्याबद्दल काय बाहेर पाठवायचं, हे त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघायलाच हवं.

मग वापरावं की नाही?

बहुतेक लोकांना वेगळं काही बसवावं लागतच नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे गेलं की जागा कशाने खाल्ली ते रकान्यांनिशी दिसतं, आणि तिथलंच स्टोरेज सेन्स तात्पुरत्या फाइल्स नियमाने काढत राहतं. मॅकवरही सेटिंग्जमध्ये स्टोरेजचा असाच भाग आहे. आधी मोठ्या फाइल्स शोधा. दोनदा डाउनलोड झालेला चित्रपट किंवा फोनचा जुना बॅकअप सापडला, तर दहा वेळा कॅशे झाडून मिळणार नाही इतकी जागा एका फटक्यात मिळते.

वेगळं सॉफ्टवेअर हवंच असेल, तर मी ब्लीचबिट सुचवेन. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, ते काय करतं हे जाणकार तपासू शकतात, आणि पुसण्याआधी काय काय जाणार याची यादी ते दाखवतं. ती यादी वाचा. 'सेव्ह केलेले पासवर्ड' या चौकटीत खूण राहिली, तर सगळे पासवर्ड एका क्लिकमध्ये जातात. कुकी पुसल्या की प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉग-इन करावं लागतं, तेव्हा पासवर्ड आठवतात की नाही ते आधी बघा. आणि डाउनलोड्सचा फोल्डर सरसकट कचरा समजू नका. अनेकांची महत्त्वाची कागदपत्रं वर्षानुवर्षं तिथेच पडलेली असतात.

नंतर पुसण्यापेक्षा आधीच कुलूप

वर ज्या उपायाबद्दल बोललो तो हा. एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवर जे जे लिहिलं जाईल ते पहिल्या दिवसापासून सांकेतिक लिपीतच लिहिणं. किल्ली असेल तोवर तुम्हाला सगळं नेहमीसारखं दिसतं. किल्ली नष्ट झाली, की व्यवस्थापकाने कुठल्या खोलीत काय ठेवलंय याला काही अर्थ उरत नाही, कारण जे सापडेल ते वाचताच येत नाही. विंडोजमध्ये याला बिटलॉकर म्हणतात, साध्या आवृत्तीत बहुधा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट. याने मशीन हळू होईल ही भीती जुनी आहे. आजच्या बहुतेक मशीनवर रोजच्या कामात फरक जाणवत नाही. शिवाय लॅपटॉप चोरीला गेला तर साफसफाई करायला तुम्ही तिथे नसता, कुलूप मात्र असतं.

बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर असं कुलूप कधी लावलेलंच नव्हतं, म्हणून आम्हाला लांबचा रस्ता घ्यावा लागला. विंडोजच्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये सगळं काढून टाकायचा पर्याय निवडला आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू केलं. ते सुरुवातीला बंदच असतं, आणि सगळा फरक तिथे आहे: ते बंद असेल तर फक्त अनुक्रमणिका जाते, चालू केलं तर पानंही गिरवली जातात. रात्री लावलं, सकाळी झालं. मग तोच फाइल शोधणारा प्रोग्रॅम पुन्हा चालवला. यादीत विंडोजच्या स्वतःच्या काही फाइल्स आल्या. पासपोर्ट नव्हता, रिपोर्ट नव्हते, पत्र नव्हतं.

त्याच दुपारी तिच्या नव्या लॅपटॉपचं एन्क्रिप्शन चालू केलं. विंडोजने ४८ आकड्यांची रिकव्हरी की दिली. तिने ती कागदावर दोनदा उतरवून घेतली आणि मला प्रत्येक आकडा वाचून दाखवायला लावला. एक कागद तिच्या कपाटात आहे, दुसरा माझ्याकडे.